कावळा, फांदी आणि गोरेगावचा महामार्ग

कोठल्याही उड्डाणपुलाच्या पायथ्याशी जाऊन पाहावे. तेथे एक शिळा बहुधा आढळतेच. तिच्यावर उद्घाटनाची तिथी असते, समारंभास उपस्थित असलेल्या थोरामोठ्यांची नावे मानपानाच्या क्रमाने कोरलेली असतात, आणि फीत कोणाच्या शुभहस्ते कापली गेली हे तर ठळक अक्षरांत असते. नसते ती एकच गोष्ट. हे काम होण्यापूर्वी ह्या जागी वर्षाकाठी किती माणसे दगावली, किती जायबंदी झाली, आणि काम झाल्यावर तो आकडा कोठे जाऊन थांबला, ह्याची नोंद आम्ही आजवर एकाही शिळेवर वाचलेली नाही. शिळेवर नसेना का. पण ती कोठल्या दप्तरात तरी नीट ठेवली जाते काय, आणि ज्यांच्या करांच्या पैशांतून हे पूल उभे राहिले त्यांना ती कधी पाहावयास मिळणार आहे काय, हा प्रश्न आज आम्ही गोरेगावकरांच्या वतीने विचारीत आहोत.

प्रश्न जमाखर्चाचा वाटेल, पण तो प्राणांचा आहे. ह्या महानगरात रस्त्यावर जे मरतात त्यांतील निम्म्याच्या आसपास लोक पायी चालणारे असतात. गोरेगावच्या पूर्वेस पश्चिम द्रुतगती महामार्ग, पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्ग आणि त्याच्याही पलीकडे लिंक रोड, अशा तीन प्रवाहांच्या मधोमध ही वस्ती वसलेली आहे. शाळेला निघालेले मूल असो, वनराईहून स्थानक गाठणारा कारकून असो किंवा आरेच्या पाड्यावरून भाजी घेऊन येणारी बाई असो, ह्यांतील एक तरी प्रवाह ओलांडल्यावाचून त्यांचा दिवस सुरू होत नाही. त्यांच्यासाठी म्हणून झेब्रा पट्टे रंगवले जातात, दुभाजकांवर कठडे बसतात, सिग्नल लागतात, गतिरोधक होतात, पादचारी पूल उभारले जातात. ह्यांपैकी कशाने जीव वाचतो, कशाने वाचत नाही आणि कशाने केवळ ठेकेदाराचे बिल निघते, हे ठाऊक नसेल तर पुढचा रुपया कोठे घालावा हे आपण अंदाजानेच ठरवणार. आणि तो अंदाज चुकला तर त्याची किंमत तो बांधणारा देत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, ह्यात अवघड ते काय? काम होण्यापूर्वी दहा अपघात होते, झाल्यावर पाच झाले. वजाबाकी करावी, पाच वाचले. दुसरीतल्या मुलालाही येण्याजोगे हे गणित आहे. दुर्दैवाने ते चुकीचे आहे, आणि ते का चुकते हे समजून घेतल्याखेरीज ह्या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

२६ जुलै २००५ हा दिवस उपनगरांतला कोणीही माणूस विसरलेला नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आता कल्पना करा की त्या प्रलयानंतर एखाद्या मांत्रिकाने वेधशाळेच्या फाटकाला एक गंडा बांधला, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी त्या मानाने किरकोळ पाऊस पडला तेव्हा, 'पाहा, माझ्या गंड्याने पाऊस आवरला' म्हणून तो बिदागी मागू लागला. आपण त्याला हसून वाटेला लावले असते. विलक्षण वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा बरे जाते. त्याला गंडा लागत नाही. फ्रान्सिस गॉल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली आईबाप आणि मुले ह्यांच्या उंचीची मापे ताडून पाहताना हेच दाखवून दिले होते. फार उंच आईबापांची मुले त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत, ती सरासरीकडे परततात. अपघातांचेही तसेच आहे.

थोडे गणित येथे केले पाहिजे; वाचकांनी क्षमा करावी. असे शंभर चौक घ्या की ज्यांत प्रत्येकी वर्षाला सरासरी तीन गंभीर अपघात होतात, आणि सर्वांचा धोका अगदी सारखा आहे. तरीही एखाद्या वर्षी काही चौकांत एकच अपघात होईल, काहींत पाच होतील. आणि निव्वळ योगायोगाच्या नियमाने शंभरांतील आठ चौकांत सहा किंवा त्याहून अधिक होतील. वर्षअखेर अधिकारी तक्ता पाहतात आणि हे आठ चौक 'धोकादायक' ठरवून तेथे रंगरंगोटी करतात. पुढील वर्षी त्या आठांची सरासरी पुन्हा तीनवर येते. रंगाने काहीही केलेले नसते, तरी अहवालात लिहिले जाते की अपघात निम्म्याने घटले! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आपण कावळ्याला पदक देऊन मोकळे झालो.

ही नुसती कल्पनेतली गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या ज्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले असतील किंवा दहा माणसे मेली असतील, त्यास 'काळा ठिपका' म्हणतात. म्हणजे निवड करतानाच आपण वाईट काळ पाहून निवड करतो. एका वर्षाऐवजी तीन वर्षे धरल्याने योगायोगाचा वाटा कमी होतो हे खरे. पण तो नाहीसा होत नाही. टोरांटो विद्यापीठाचे एझ्रा हॉवर ह्यांनी ह्याच विषयावर १९९७ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांची रीत थोडक्यात अशी: त्या जागेचा स्वतःचा इतिहास आणि तिच्यासारख्या इतर अनेक जागांची सरासरी, ह्या दोहोंना योग्य वजन देऊन, 'काम झालेच नसते तर येथे किती अपघात झाले असते' ह्याचा अंदाज बांधावयाचा, आणि प्रत्यक्ष आकडा त्या अंदाजाशी ताडून पाहावयाचा. कालच्याशी आजची नव्हे, तर न घडलेल्या आजशी घडलेल्या आजची तुलना! ऐकण्यास हे वेदान्तासारखे वाटते, पण त्याला लागतो तो केवळ नीट ठेवलेला हिशेब.

आपल्या घराजवळचा दाखला घेऊ. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी 'सेव्हलाइफ फाउंडेशन', राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र कंपनी ह्यांनी मिळून 'शून्य मृत्यू मार्ग' हा उपक्रम हाती घेतला. प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन छाननी करणे, उघड्या कठड्यांची टोके झाकणे, खुणा सुधारणे, जखमींपर्यंत लवकर पोहोचणे, अशी चिकाटीची कामे त्यात झाली. २०२० साली मृत्यूंचा आकडा ६६ वर आला. अर्ध्याहूनही कमी! ह्या यशाबद्दल संबंधितांचे अभिनंदन करण्यात आम्ही हात आखडता घेणार नाही. पण २०२० साल कोणते होते? करोनाच्या टाळेबंदीचे. रस्ताच ओस पडला होता. २०२१ साली वाहने परतली आणि आकडा ८८ झाला. तरीही तो १५१ च्या बराच खाली होता, म्हणजे ह्या कामांनी काहीतरी निश्चित साधले असावे असे मानण्यास जागा आहे. परंतु किती? १५१ हे एकच वर्ष पाया म्हणून धरले तर ते वर्षच कदाचित अधिक वाईट असेल. ६६ हे शिखर म्हणून मिरवले तर त्यात टाळेबंदीचा वाटा मोठा. खरे उत्तर ह्या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि ते शोधणे हे त्या उपक्रमाचा अपमान नसून त्याचा सन्मान आहे. कारण घटलेल्या मृत्यूंपैकी किती कठड्यांमुळे घटले आणि किती गस्तीमुळे, हे कळले तरच ती विद्या गोरेगावला उपयोगी पडेल.

परदेशांतही ह्या फसगतीतून थोर थोर राष्ट्रे सुटलेली नाहीत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी स्वीडनने एका रात्रीत डावीकडून चालणारी सारी वाहतूक उजवीकडे वळवली. अनर्थ होईल असे सर्वांस वाटत होते. झाले उलटेच, अपघात एकदम घटले. उजवी बाजू अधिक सुरक्षित असते असा निष्कर्ष कोणी त्याच वर्षी काढला असता तर तो छापूनही आला असता. पण दोनएक वर्षांत आकडे पूर्वपदावर आले. घट रस्त्याच्या बाजूमुळे नव्हती. नव्या रीतीच्या धास्तीने सारे चालक सावध झाले होते, आणि धास्ती ओसरताच सावधपणाही ओसरला. गोरेगावात नवा गतिरोधक झाल्यावर पहिल्या महिन्यात जी शांतता दिसते तीही पुष्कळदा ह्याच जातीची असते. ब्रिटनमध्ये वेगावर नजर ठेवणारे कॅमेरे वाईट इतिहास असलेल्या जागा निवडून बसवण्यात आले. तेथील घट डोळे दिपवणारी होती. मागाहून चाळणी लावली तेव्हा त्यातील मोठा भाग सरासरीकडे परतण्याचा निघाला, आणि कॅमेऱ्यांच्या पदरात पडला तो प्रसिद्धीपेक्षा पुष्कळच लहान वाटा. लहान, पण खरा. तो वाटा खरा आहे हे छातीठोकपणे सांगता आले तेही त्या चाळणीमुळेच.

आता गोरेगावच्या महामार्गाकडे वळू. २०१६ साली ह्या महामार्गावर मेट्रो ७ चे काम सुरू झाले. रस्त्याच्या मध्यावर लोखंडी पत्रे उभे राहिले, मार्गिका आकसल्या, वाहने मुंगीच्या पावलांनी चालू लागली. २०२० साली टाळेबंदी आली. एप्रिल २०२२ मध्ये आरेपासून उत्तरेकडचा टप्पा सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये गोरेगाव पूर्वसह गुंदवलीपर्यंतची उरलेली स्थानके खुली झाली. पत्रे निघाले, रस्ता पुन्हा मोकळा झाला, म्हणजे वेगही वाढले. आणि त्याच वेळी स्थानकांच्या निमित्ताने महामार्ग ओलांडणारे नवे पूल लोकांना मिळाले. ह्याच सुमारास, २०२२ साली, हा सारा महामार्ग महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून महापालिकेकडे गेला. जोगेश्वरीस महामार्गालगत महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय आहे. तेथील उपचार जसजसे सुधारतील तसतसे त्याच धडकेने मरणारे लोक कमी होतील, रस्त्यात तिळमात्र बदल झाला नाही तरीही! एवढी उलथापालथ चालू असताना ह्या दहा वर्षांतील एखाद्या झेब्रा पट्ट्याने किती जीव वाचवले हे साध्या वजाबाकीने सांगू म्हणणाऱ्याच्या धैर्याचे आम्हांस कौतुक वाटते.

संबंध मुंबईचेही पाहा. वाहतूक पोलिसांच्या नोंदीप्रमाणे शहरात २०१५ साली ६११ माणसे रस्त्यावर मेली. २०१९ साली ४४७. ही घट टाळेबंदीपूर्वीची आहे आणि एका चौकाची नसून साऱ्या शहराची आहे, म्हणून ती अधिक विश्वासार्ह. पण ह्या घटीचे श्रेय ई-चलनाला द्यावे, शिरस्त्राणाच्या सक्तीला द्यावे, ब्लूमबर्गच्या साहाय्याने झालेल्या चौकांच्या पुनर्रचनेला द्यावे, की दिवसभर तुंबून राहणाऱ्या वाहनांना द्यावे? श्रेयावर हक्क सांगणारे पुष्कळ भेटतील. प्रत्येकाचा वाटा आण्यापैशांत मांडून दाखवणारा भेटला तर आम्हांस हवा आहे.

शिवाय आकडे ज्या शब्दांनी बांधलेले असतात ते शब्दच बदलतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. जुन्या दंडविधानात 'जबर दुखापत' ठरण्याची एक कसोटी अशी होती की जखमी मनुष्य वीस दिवस तीव्र वेदनेत असावा किंवा त्याला नित्याचे व्यवहार करता येऊ नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे वीस दिवस पंधरा झाले. म्हणजे जो मनुष्य सतरा दिवस अंथरुणाला खिळला तो जुन्या कायद्याने किरकोळ जखमी, नव्या कायद्याने गंभीर जखमी! रस्ता तोच, गाडी तीच, जखमही तीच. उद्या कोणी २०२३ आणि २०२५ ह्या वर्षांचे गंभीर अपघात शेजारी शेजारी मांडून काही अनुमान काढू लागला, तर त्याने आधी ह्या पाच दिवसांचा हिशेब द्यावा. त्यात गोरेगावची हद्द गोरेगाव, बांगूर नगर, वनराई, दिंडोशी आणि आरे अशा पोलीस ठाण्यांत वाटली गेलेली. जखमी एका हद्दीत पडतो, रुग्णालयात दुसऱ्या हद्दीत जातो. केंद्राने २०२१ पासून अपघातांची एकत्र नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली आहे. साधन चांगले आहे. त्यातून गोरेगावच्या एकेका चौकाचा तक्ता सामान्य नागरिकाला पाहता आला पाहिजे, एवढीच आमची पुस्ती.

आणखी एक गोष्ट आकड्यांत कधीच दिसत नाही. महामार्गाच्या मध्ये उंच कठडा घातला की तेथे पादचारी मरावयाचे थांबतात. ह्यात शंका नाही. पण ते तेथून ओलांडावयाचेही थांबतात. पलीकडच्या बाजाराला रोज चालत जाणारी सत्तर वर्षांची आजी, गुडघे साथ देत नाहीत म्हणून पूल चढत नाही. ती रिक्षाला पैसे मोजते, किंवा जाणेच सोडून देते. अहवालात ती 'वाचलेला जीव' म्हणून मोजली जाते. घरी तिला कोणी विचारले तर ती निराळे सांगेल. म्हणून अपघात मोजताना रस्ता ओलांडणारेही मोजले पाहिजेत: किती जण, कोणत्या वयाचे, आणि किती वेळ ताटकळून. एखाद्या पुलामुळे अपघात निम्मे झाले आणि ओलांडणारेही निम्मे झाले, तर त्या पुलाने चालणाऱ्याला सुरक्षित केले नाही, त्याला हुसकून लावले.

मग करावे तरी काय? माणसे मरेपर्यंत वाट पाहून मग मोजावे काय? मुळीच नव्हे. सुदैवाने मृत्यूंची वाट न पाहता मोजता येईल अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे वेग. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहाटे दोन वाजता आरे फाट्याजवळून गाड्या किती वेगाने जातात हे आठवड्याभरात मोजता येते. त्याला ना आयोग लागतो, ना परदेश दौरा. काम होण्यापूर्वी एक आठवडा, झाल्यावर एक आठवडा, आणि स्वीडनचा धडा लक्षात ठेवून वर्षाने पुन्हा एक आठवडा. वेग उतरला नसेल तर रंग वाया गेला, हे तीन वर्षांनी नव्हे, तीन महिन्यांनी कळेल.

दुसरा उपाय तर गोरेगावकरांच्या अगदी परिचयाचा आहे. घरे थोडी आणि अर्जदार फार असले की म्हाडा सोडत काढते. पहाडी गोरेगावच्या घरांसाठी नशीब आजमावलेली किती तरी कुटुंबे आमच्या वाचकांत असतील. तसेच, सुधारावयाचे चौक चाळीस आणि ह्या वर्षीचा पैसा विसांपुरता असेल, तर कोणते वीस आधी हे वशिल्याने ठरवण्यापेक्षा सोडतीने ठरवा. जे आधी झाले आणि जे मागाहून व्हावयाचे आहेत त्यांची तुलना करा. दोन्ही गटांवर पाऊस सारखाच पडेल, कायदा सारखाच बदलेल, वाहने सारखीच वाढतील. उरलेला फरक कामाचा. ह्यात कोणावर अन्याय आहे असे आम्हांस वाटत नाही, कारण पैसा अपुरा असल्याने वीस चौक तसेही थांबणारच होते. जेथे रोजच माणसे चिरडली जात असतील तेथे अर्थात सोडतीचा खेळ करू नये. तेथे आधी काम, मग तर्क.

'लोक मरत आहेत आणि तुम्ही मोजत बसा म्हणता', असा रागही ह्यावर येईल. तो राग आम्हांस समजतो. ज्याच्या घरचा मनुष्य गेला त्याला सरासरीचे तत्त्वज्ञान ऐकवण्याइतके आम्ही पाषाणहृदयी नाही. परंतु न मोजता केलेली कामे ही त्या मनुष्याला दिलेली श्रद्धांजली आहे हेही आम्हांस मान्य नाही. वैद्याने औषध दिले आणि रोगी बरा झाला की नाही हे विचारावयास तो परत फिरकलाच नाही, तर आपण त्याला दयाळू म्हणत नाही. दोन कामांपैकी एकाने दहा जीव वाचत असतील आणि दुसऱ्याने एक, आणि आपण न मोजल्यामुळे दुसऱ्यावरच पैसा ओतत राहिलो, तर उरलेल्या नऊ जणांना कोणी मारले? मृणालताई गोरे ह्यांनी ह्याच गोरेगावात पाण्यासाठी सरकारदरबारी हिशेब मागितला आणि 'पाणीवाली बाई' ही पदवी मिळवली. आज त्यांच्या नावाचा उड्डाणपूल येथे आहे. हिशेब मागणे ह्या गावाला नवे नाही.

आणि आताच मागण्याचे एक निकडीचे कारण आहे. १३ जुलै २०२४ रोजी गोरेगावच्याच नेस्को संकुलातील समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याच्या जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून हा रस्ता पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांना जोडणार आहे. ज्या दिवशी बोगदे खुले होतील त्या दिवसापासून दिंडोशी आणि चित्रनगरीच्या परिसरात आज नसलेली वाहतूक उतरेल. तिच्यासाठी नवे सिग्नल लागतील, नवे पट्टे मारले जातील, कदाचित नवे पादचारी पूल होतील. त्यांनी काही साधले की नाही हे पुढे पाहावयाचे असेल तर 'पूर्वी'चा आकडा आज घ्यावा लागेल. बोगदा उघडल्यावर 'पूर्वी' हाती लागत नाही. मेट्रोच्या वेळी ती संधी गेली ती गेलीच.

महापालिकेच्या पी दक्षिण विभागाने आणि वाहतूक पोलिसांनी मिळून चित्रनगरी रस्ता, महामार्गाचा दिंडोशी चौक आणि आरे फाटा ह्या तीन ठिकाणी वाहने, त्यांचे वेग आणि रस्ता ओलांडणारी माणसे ह्यांची मोजणी येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी. मागील पाच वर्षांचे अपघात पोलीस ठाण्यांच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी ताडून एका तक्त्यात मांडावेत. आणि तो तक्ता विभाग कार्यालयाच्या दारात लावावा. तुलनेसाठी मालाड आणि कांदिवलीचे दोन चौकही त्याच रीतीने मोजावेत, म्हणजे पुढे काळाला दोष देऊन सुटता येणार नाही.

राहता राहिली शिळा. जोडरस्त्याच्या शिळेवरील मजकूर ठरवताना नावांच्या खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडावी. पहिल्या ओळीत ह्या मोजणीचा आकडा आजच कोरता येईल. दुसरी ओळ रस्ता खुला झाल्यावर पाच वर्षांनी भरावी, आकडा कसाही निघो. त्या वेळी पाथरवटाच्या मजुरीची अडचण पडली तर ती आमच्या कचेरीतून घेऊन जावी.